न ठेवलेली झडप

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने प्लंबरवरच्या रागापायी न्हाणीघरातला टब स्वतःच बसवायला घेतला. धनंजयशेट त्याचं नाव. मनाने वाईट नव्हे, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पत्नीचे, कुमुदिनीबाईंचे, गुडघे संधिवाताने धरले होते. रोज कोमट पाण्यात बसवत जा, असं वैद्यांनी सांगितलं, म्हणून शेटनी मोठ्या हौसेने टब आणला. प्लंबरला निरोप धाडला, तर तो म्हणाला, "शेट, घरात लग्न आहे. पुढच्या आठवड्यात येतो." झालं! शेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लग्न! इथे माझ्या बायकोला धड चालवेना आणि याला अक्षता टाकायच्यात! काही गरज नाही तुझी. टब बसवायला काय काशीला जाऊन शिकावं लागतं?"

आता अशा माणसाला अडवायचं कुणी? शेटनी दुकान नोकरांवर सोपवलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि बाह्या सरसावल्या. पाइप कापताना प्लंबरला शिव्या, सिमेंट कालवतानाही प्लंबरलाच शिव्या. कुमुदिनीबाई चहा घेऊन दारात यायच्या, काही बोलायला तोंड उघडायच्या, की शेट खेकसायचे, "तू मध्ये बोलू नकोस! मला कळतंय सगळं." बाई कप ठेवून, भिंतीला धरत धरत माघारी जायच्या.

खरं सांगायचं तर काम देखणं झालं. टबाच्या पुढच्या अंगाला विटांची भिंत, तिच्यावर निळ्या फरश्या, एकही रेघ वाकडी नाही. शेटची छाती फुगली. ज्यांच्या पायाशी बसून ते दर गुरुवारी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकत, त्या वृद्ध नानाशास्त्रींना त्यांनी मुद्दाम घरी आणलं. शास्त्रीबुवांनी टब पाहिला, खाली वाकून फरश्यांवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "हातोडा दे बरं जरा."

शेटनी दिला. शास्त्रीबुवांनी दोन्ही हातांनी तो उचलला आणि मधल्या फरशीवर हाणला. फरशी फुटली, मागची वीट आत कोसळली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" शेट ओरडले. आपण कुणाशी बोलतोय याचंही भान राहिलं नाही. "गुरू म्हणून काय वाट्टेल ते कराल? हाताची सालटी निघाली माझ्या यापायी! दुसरा कुणी असता तर धक्के मारून बाहेर काढला असता!"

शास्त्रीबुवांनी शांतपणे भगदाडातून आत हात घातला, पाइप चाचपला आणि हात बाहेर काढून दाखवला. हात कोरडा ठणठणीत होता.

"बघा! बघा ना!" शेटना आणखीच चेव आला. "थेंब नाही गळत! आता बोला!"

"बोलतो," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि आता त्यांचाही आवाज चढला. "गळतं का हे पाहायला मी फरशी फोडली नाही. टबाखाली पाइपाचा सांधा आहे, आणि सांधा म्हटला की तो कधीतरी सैल व्हायचाच. तिथवर हात पोचावा म्हणून भिंतीत एक झडप ठेवतात. तू ठेवली नाहीस. काम स्वतः केलंस, त्यात गैर काही नाही. प्लंबरची वाट पाहिली असतीस, तर त्यातही कमीपणा नव्हता. पण तू हे केलंस त्याची जिरवायला. आणि दुसऱ्याची जिरवायला निघालेल्या माणसाला आपलं काही चुकेल हे सुचतच नाही. तो सगळीकडून भिंत बांधून मोकळा होतो."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" शेट धुसफुसले.

"मी सांगत होते," दारातून कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"काय? झडपेचं?"

"झडपेचं मला काय कळतंय! मी टबाचं सांगत होते. पाण्याला उतार मिळेना म्हणून तुम्ही त्याच्याखाली विटांचे थर रचलेत. टबाचा काठ माझ्या मांडीच्याही वर आलाय. माझा पाय नाही चढायचा त्यात."

"आणि हे तू मला आज सांगतेस?" सवयीने शेटचा आवाज पुन्हा चढला.

"मग कधी सांगू?" बाईंचा बांध फुटला. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "ते चहा घेऊन येत होते, ते काय चहा द्यायला? माझ्या गुडघ्यांसाठी टब आणलात आणि मला एकदा पाय उचलून बघू दिलं नाहीत! त्या प्लंबरनं निदान विचारलं तरी असतं."

शास्त्रीबुवांनी हातोडा खाली ठेवला.

शेट पत्नीजवळ गेले. "कुमुद," ते म्हणाले, "किती वर चढतो पाय? दाखव मला."

बाईंनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि ओठ दाबून पाय उचलला. जेमतेम वीतभर. शेटनी खाली बसून टबाच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर पेन्सिलीने रेघ ओढली. मग फोन काढून प्लंबरला लावला.

"लग्न नीट पार पाडा," ते म्हणाले. "मग सवडीने या. माप मी आता घेतलंय."