बांधावर थांबणारी शाळा

ती बघा, तळ्याच्या बांधावर पोरं उभी आहेत. शाळा उघडली आहे, मास्तर दारात आले आहेत, तरी एकही पोर आत जात नाही. सगळी जमली की एकमेकांचे हात धरून एकदमच जातील. आमच्या शाळेत पहिला आणि शेवटचा असा कोणी नसतो. घाई नसेल तर बसा जरा, सांगतो.

फार मागची गोष्ट. तेव्हा शाळा तळ्याकाठच्या देवळात, ओवरीवर भरायची आणि विसोपंत नावाचे पंतोजी शिकवायचे. पोरांना वळण लागावं म्हणून त्यांनी एक नेम घातला होता, असं सांगतात. जो पहिला येईल त्याच्या तळहातावर ते अष्टगंधाने 'श्री' काढायचे. त्यानंतरच्या प्रत्येकाला आधीच्यापेक्षा एक छडी जास्त. शेवटच्याला तर दुप्पट, त्याची गत विचारू नका. पण नेम लागू पडला. पोरं धावत यायची, मान खाली घालून बसायची, विचारल्याशिवाय ब्र काढायची नाहीत. आईबाप पंतोजींना हात जोडायचे.

शेवटचा रोज एकच असायचा, सुताराचा लखू. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड, कुबडी घेऊन यायचा. शेवटून दुसरा बापल्या, शेजारचाच, अंगाने जाड. दोघांचं फार सख्य. वाटभर बापल्या त्याच्याबरोबर रमतगमत चालायचा आणि ओवरीपाशी आला की चार पावलं पुढे सरायचा. लखू कधी रागावला नाही. "हो तू पुढे. माझा हात निबर झालाय," म्हणायचा.

एकदा लखूच्या मनात आलं, आपल्याही हातावर श्री उमटावा. तो आदल्या संध्याकाळीच जाऊन ओवरीत झोपला. सकाळी तोच पहिला. श्री पुसला जाऊ नये म्हणून तो दिवसभर डाव्या हाताने जेवला, म्हणे. शेवटच्या छड्या मात्र बापल्याला बसल्या. त्याचे हात त्यांना सरावलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बापल्या लखूच्या दारात आला. "बस पाठीवर. आज दोघंही पहिले."

"पाडू नको हं, रेड्या!" लखू हसत हसत बसला.

तळ्यातून वाट जवळ पडते म्हणून बापल्या पाण्यात शिरला. मधल्या खडकावर त्याने लखूला उतरवलं आणि कुबडी घेऊन मागे फिरला.

"पुरे झाली मस्करी, बापल्या!"

"आजच्या दिवस शेवटचा हो रे. सुटल्यावर नेतो तुला."

शाळा भरली. तळ्यावरून हाका येऊ लागल्या. सगळ्यांनी ऐकल्या, पंतोजींनीही. ते म्हणाले, "ओरडू दे. उशीर करणाऱ्याने बाहेरच ओरडावं." पोरं हसली. बापल्याही हसला. थोड्या वेळाने हाका थांबल्या. पंतोजी म्हणाले, "बघा, अशी लागते शिस्त."

शाळा सुटल्यावर बापल्या धावत गेला. खडक रिकामा होता. लखू शाळेत यायलाच निघाला होता, पण पोहता कुठे येत होतं त्याला?

लखूला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या सकाळी पंतोजी पुन्हा छडी घेऊन बसले. बापल्या बांधावर बसून राहिला, उठेना. बाकीची पोरंही थांबली. त्यांना दया आली, असं लोक सांगतात. मला नाही तसं वाटत. लखू गेला, आता बापल्याही आला नाही तर शेवटचा कोण? प्रत्येकाला आपलीच भीती. त्यांनी बापल्याला ओढून उठवलं आणि कोणी पुढे सटकू नये म्हणून एकमेकांचे हात घट्ट धरले. तशीच ओवरीत शिरली.

"पहिला कोण?" पंतोजींनी विचारलं.

पोरांनी धरलेले हात तसेच पुढे केले.

त्यांनी सगळ्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा तशीच हात धरून आली. पुन्हा मार. हात उचलेनासा होईपर्यंत पंतोजी मारत राहिले, म्हणे. मग एका सकाळी ते गाव सोडून गेले. पोरांनी मात्र एकमेकांचे हात सोडले नाहीत.

आजही बांधावर एखादं पोर कमी दिसलं की बाकीची जागची हलत नाहीत. मग मास्तर स्वतः त्याच्या घरी जातात. ते तापाने निजलेलं असेना का, त्याच्या कपाळाला हात लावून येतात. परत येऊन सांगतात, "घरी आहे. मी बघून आलोय." त्यानंतरच शाळेची घंटा होते.