वैद्याचं घर

मेघगिरीच्या राजाचा भाऊ औषध घेता घेता वारला आणि विषप्रयोगाचा आळ राजवैद्य विसोबाशास्त्र्यांवर आला. ते जीव मुठीत धरून नदी उतरले आणि शेजारच्या चिमुकल्या कोंडगडात शिरले. चौथ्याच दिवशी मेघगिरीचा दूत पाचशे स्वार घेऊन वेशीवर हजर झाला.

कोंडगडच्या कारभारीण भागूबाई देसाई पेचात पडल्या. नकार दिला तर गाव जळणार, वैद्य दिला तर तो मरणार. त्यांनी शेजारच्या तीन राज्यांचे प्रतिनिधी सदरेवर आणून बसवले आणि मगच दूताला आत घेतलं.

"आरोपी हवाली करा!" दूत गरजला. "खटला आमच्याकडे चालेल. मेघगिरीचा न्याय चोख असतो."

"असणारच," भागूबाई नम्रपणे म्हणाल्या. "एवढंच सांगा, शास्त्रीबुवा निर्दोष सुटले तर राहतील कुठे? त्यांचं घर शाबूत आहे ना?"

दूत तुच्छतेने हसला. "ते घर नव्या राजवैद्यांना दिलं. परवाच वास्तुशांत झाली."

भागूबाई उठून उभ्या राहिल्या.

"म्हणजे निकाल लागूनही गेला! तुम्हाला खटल्यासाठी आरोपी नकोय, सुळासाठी माणूस हवाय. खटला हवा असेल तर साक्षीदार इथे आणा. गुन्हा शाबीत झाला, तर शास्त्रीबुवांना मी स्वतः बेड्या घालून पाठवीन."

तिन्ही प्रतिनिधी दूताकडे रोखून पाहत होते. त्यांच्यादेखत हल्ला केला तर मेघगिरीचा खोटेपणा तिन्ही राज्यांत पोचणार, हे ओळखून तो सदर उतरला. पाचशे स्वार आल्या वाटेने परतले.

कोंडगडाने महिनाभर साक्षीदारांची वाट पाहिली. एकही आला नाही.