आज आंबट

“सहा रविवार झाले, आक्का. अजून किती?”

सोनाक्का तुतीच्या टोपलीत आलेली पानं वेचून बाजूला टाकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशाचे सहा रविवार?”

डॉक्टर होनपांना राग आला. पण शिष्याने रागवायचं नसतं हे त्यांनी दोन-तीन ग्रंथांत वाचलं होतं. ते नुसतेच ताठ उभे राहिले.

डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे नव्हेत, फळशास्त्राचे. त्र्यंबक होनपांनी कृषी महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं. राज्यातल्या बहुतेक फळप्रदर्शनांत परीक्षकांच्या खुर्च्यांमधली मधली खुर्ची त्यांची असे. त्यांनी एक घास खाऊन भुवई चढवली की बागायतदाराचं तोंड उतरायचं.

मग ते निवृत्त झाले. पहिल्या वर्षी प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षी नुसतं बघायला या, असंही कोणी म्हटलं नाही. तेव्हापासून त्यांना अध्यात्माची ओढ लागली.

या ओढीनेच ते मोरखिंडीला पोचले होते.

मोरखिंड म्हणजे घाटमाथ्यावरचं एक वळण आणि वळणाला लागून सपाट माळ. दर रविवारी तिथे सात-आठ शेतकरी रासायनिक खत-औषध न घालता पिकवलेली फळं घेऊन बसत. हिवाळाभर स्ट्रॉबेरी, माघ लागला की तुती, त्यामागून थोडी रासबेरी. पावसाळ्यात फक्त धुकं मिळे.

प्रत्येकाच्या टोपलीमागे पाटी असे. ‘मधासारखी गोड.’ ‘साखरेहून गोड.’ या पाट्या ऑइलपेंटने रंगवलेल्या होत्या, त्यामुळे हवा कशीही असली तरी गोडीला धक्का लागत नसे.

सोनाक्कांकडे मात्र शाळेतल्या मुलाची असते तशी दगडी पाटी होती.

रविवारी पहाटे त्या स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक वाफ्यातलं एकेक फळ चाखत आणि जे लागलं ते खडूने पाटीवर लिहीत. ‘आज गोड.’ ‘आज बरी.’ ‘आज पाणचट. दोन दिवस ढग होते.’ एकदा तर त्यांनी लिहिलं होतं, ‘आज नका घेऊ.’ त्या दिवशी माल सगळ्यात आधी त्यांचा संपला, पण आक्कांनी त्यातून काही धडा घेतल्याचं दिसलं नाही.

लोक फळांसाठी येत आणि काही जण फळं घेतल्यावर तिथेच बसून राहत. कोणाचं घरात पटत नसे, कोणाचं स्वतःशी. आक्का ऐकून घेत. कोणी पाया पडून ‘मला शिष्य करा’ म्हणालाच, तर त्याच्या हातात टोपली देऊन त्याला शेतात धाडत. दुपारपर्यंत निम्म्यांची कंबर आणि श्रद्धा एकदमच जात असे.

होनप टिकले होते. पहिल्या दिवशी आक्कांनी विचारलं होतं, “काय येतं तुम्हाला?”

“चव,” होनप म्हणाले होते.

“मग रहा.”

याचा अर्थ होनपांनी असा घेतला की पुढच्या रविवारपासून पाटी आपण लिहायची. आक्कांनी घेतलेला अर्थ वेगळा असावा, कारण सहा रविवार ते खोकी उचलत होते.

ते हौसाबाईच्या घरी बाहेरच्या खोलीत राहत. हौसाबाई आक्कांच्या शेतात फळं खुडायची. विधवा बाई, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. तिने खुडलेल्या फळाला बोटाचा डाग नसे. होनपांनी खुडलेली फळं ती दुरूनच ओळखायची. “ही डॉक्टरांची,” ती म्हणायची, “ऑपरेशन झाल्यासारखी दिसत्यात.”

सातव्या रविवारी होनप पिशवी भरूनच बाजारात आले होते. आज खडू हातात पडला नाही, तर चारच्या एसटीने पुणं. हे त्यांनी आदल्या रात्री हौसाबाईला सांगितलं होतं, म्हणजे ते आक्कांना कळलेलं होतं.

“खडूचं म्हणतोय मी, आक्का,” ते आता म्हणाले. “मला इथे राहायचंय. पण हमाल म्हणून नाही. माझी जीभ…”

आक्का शिंकल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

मग त्यांनी डोक्यावरची शाल सारखी केली, एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि मान हलवली.

“काल रात्रीपासून पडसं आहे. मला आज कापूस खाल्ल्यासारखं लागतंय.”

त्यांनी खडू पुढे केला.

सहा रविवार मागून न मिळालेली गोष्ट पडशाने मिळाली होती. पण मिळाली होती. होनपांनी खडू दोन्ही हातांनी घेतला.

चाखण्याचा विधी त्यांनी यथासांग केला. फळ देठाला धरून उजेडात फिरवलं, हुंगलं, निम्मं तोडलं, डोळे मिटले. शेजारचा निवृत्ती जगदाळे आपलं गिऱ्हाईक सोडून बघत राहिला. पाच वाफ्यांची पाच फळं झाली. पाचव्याला होनपांची भुवई चढली. ती दोन वर्षांनी चढत होती, तरी अडखळली नाही.

त्यांनी लिहिलं, ‘आज आंबट.’

आणि खाली रेघ मारली.

कटू सत्य लिहायला धैर्य लागतं आणि ते आपल्यापाशी आहे, हे लिहिता लिहिताच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना बरं वाटलं.

“काय लिवलं?” हौसाबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“आंबट.”

हौसाबाईने टोपलीतलं एक फळ उचललं, खाल्लं, आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही ही गोष्ट होनपांनी लक्षात घ्यायला हवी होती, पण तेव्हा ते आपलं अक्षर बघत होते.

पहिली मोटार आली. त्यातल्या मंडळींनी पाटी वाचली आणि ती निवृत्तीच्या ‘मधासारखी गोड’ पाटीकडे वळली. दुसऱ्या मोटारीतल्या बाईने मुलाचा पुढे गेलेला हात मागे ओढला. एका बाईंनी मुरंब्याला चालेल का असं विचारलं. होनपांनी त्यांना फळातल्या आम्लांचे प्रकार समजावून सांगितले. तिसऱ्या प्रकारापाशी त्या निघून गेल्या.

अकरा वाजले. ऊन तापलं. टोपल्या होत्या तशा होत्या. आक्का शाल गुंडाळून बसल्या होत्या. हौसाबाई ओलं फडकं पिळून फळांवर धरत होती, पुन्हा ओलं करून आणत होती.

मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पाटी वाचून त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले की गेली बारा वर्षं त्यांना साखर वर्ज्य आहे, गोड फळसुद्धा बेतानेच. आख्ख्या बाजारात आंबट अशी ही एकच पाटी. दोन खोकी द्या.

होनपांनी अभिमानाने खोकी पुढे केली. गृहस्थांनी एक फळ खाल्लं. थांबले. दुसरं खाल्लं. मग दोन्ही खोकी काळजीपूर्वक परत ठेवली.

“मला नाही चालणार. गोड आहेत.”

“शक्य नाही,” होनप म्हणाले.

“साखरेसारखी आहेत, अहो.”

“मी तीस वर्षं फळं चाखतोय.”

“असेल. मी बारा वर्षं साखर चाखली नाही,” गृहस्थ म्हणाले. “आंबट लिहून गोड कशाला विकता? निदान तो शेजारचा गोड लिहून काय वाटेल ते विकतो, त्यात काही पद्धत तरी आहे.”

ते गेले. निवृत्तीने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.



“डॉक्टर,” आक्का म्हणाल्या, “सकाळी काय घेतलंत?”

“काही नाही. चाखायचं म्हणजे पोट रिकामं लागतं. उपाशी आलोय.”

“उपाशी?” हौसाबाई म्हणाली. सकाळपासून दाबून धरलेलं तिच्या तोंडून निसटलं. “दोन कप च्या झाला की बाजारात आल्यावर. दुसऱ्या कपात वरनं साखर घाटली, हाटेलवाल्याकडनं मागून.”

“चहा म्हणजे काही खाणं नव्हे, हौसाबाई…”

होनप तिथेच थांबले.

त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. वर्गातल्या फळ्यावरचं, दरवर्षी जून महिन्यातलं. ‘चाखण्यापूर्वी अर्धा तास चहा वर्ज्य. दोन फळांच्या मध्ये चूळ भरावी. गोड जिभेला गोड फळ आंबट लागते.’ तोंडी परीक्षेत ते हा प्रश्न हमखास विचारत. एकाला तर त्यांनी याच प्रश्नावर नापास केलं होतं आणि वर म्हटलं होतं की तुम्ही दुसरं काहीतरी शिका.

ते उठून माठापाशी गेले. तीन चुळा भरल्या. हौसाबाईच्या शिदोरीतला भाकरीचा तुकडा तोडून चावला. पुन्हा चूळ भरली आणि माळाकडे पाठ करून उभे राहिले. पाव तास झाला असेल. मग परत येऊन त्यांनी एक स्ट्रॉबेरी उचलली. या वेळी ती उजेडात धरली नाही, हुंगली नाही.

फळ गोड होतं. नुसतं गोड नव्हे, देठापर्यंत गोड होतं.

“चार दिवस रोज पहाटं जाऊन हात न लावता परत आले,” हौसाबाई हळू म्हणाली. “फळं देठापाशी पांढरी हुती. एकदा खुडली की टोपलीत काय गोड हुईत न्हाई ती. म्हणून थांबले.”

हेही होनप शिकवत असत. दुसऱ्या सत्रात.

“मग मी लिहिलं तेव्हा बोलला का नाही?”

“तुमी डॉक्टर,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच तोंड बिघडलं आसंल.”

दोन वर्षं होनपांना एकच दुःख होतं, की आपलं मत कोणी मानत नाही. आज एका बाईने मानलं होतं. आपल्या चार पहाटा मोडीत काढून मानलं होतं.

त्यांनी टोपल्यांकडे पाहिलं. उन्हाने वरच्या थराला सुरकुती धरली होती.

“हौसाबाई, चूक माझी आहे. तुमच्या फळांची नाही,” ते म्हणाले. त्यांनी खडू आक्कांपुढे ठेवला आणि टोपलीमागची आपली पिशवी ओढली. “आक्का, चारची गाडी आहे. येतो मी.”

आक्कांनी खडूला हात लावला नाही.

होनप पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. निघवेना. निदान एवढं तरी नीट करून जावं म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. रेघसुद्धा पुसली. ती जरा जोर लावून मारलेली होती, दोनदा पुसावी लागली.

मग खाली वाकून त्यांनी खडू पुन्हा उचलला.

“काय लिहिताय?” आक्कांनी विचारलं.

“गोड.”

“कशावरून?”

“आता गोड लागली.”

“आणि मघाशी?”

“मघाशी… आंबट लागली.”

“तेव्हाही खात्री होती?”

होनपांनी मान खाली घातली. “होती.”

“आता आहे तशीच?”

खडू पाटीपासून वीतभर अलीकडे थांबला…

“उद्यापासून मी चहा सोडतो,” होनप अखेरीस म्हणाले.

“चहानं काय केलं तुमचं?”

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. होनपही हसले असते, पण त्यांना तेवढा धीर झाला नाही.

वळणावर एक मोटार थांबली. दारं उघडली, चार-पाच माणसं उतरली आणि पाय मोकळे करत टोपल्यांच्या दिशेने येऊ लागली. पाटी ओली होती आणि कोरी होती.

“आक्का, माणसं येतायत,” होनप म्हणाले. पिशवी त्यांच्या खांद्यावरून घसरून खाली आली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “गोड लिहू नये, आंबट लिहू नये. मग मला खरं असं काय ठाऊक आहे, जे लिहू?”

आक्का पुन्हा शिंकल्या. पदराने नाक पुसलं.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “चहा गोड होता.”