गोजराचा लाडू

मानाजीराव इनामदारांना एकच शौक होता. लाडक्या चांदणी गाईची धार ते स्वतः काढायचे. घोड्याला खरारा करून झाला, की तसेच मळक्या हातांनी कासेला बसायचे. गोठा सांभाळणारी गोजरा रोज विनवायची, "सरकार, आधी हात धुवा."

"इनामदारांचे हात मळत नसतात!" सरकार मिशीला पीळ देऊन सांगायचे.

एका सकाळी चांदणीची कास सुजून दगडासारखी टणक झाली. दुधात गाठी आल्या. इनामदारांनी सडाला हात लावताच तिने अशी लाथ झाडली, की ते पागोट्यासकट शेणात बसले.

"गोजरे, तुझीच नजर लागली गाईला! आजच्या आज गाव सोड!"

गोजराला रडूच कोसळलं. मग तिने डोळे पुसले, दोन्ही हात शेणाच्या पाटीत बुडवले आणि न्याहारीसाठी आणलेला बेसनाचा लाडू त्याच हातांनी पुढे केला. "जाते सरकार. पण जाताना एवढा लाडू माझ्या हातून खा."

"शी! आधी हात धू!" इनामदार किंचाळले.

"चांदणीसुद्धा हेच म्हणाली, सरकार. बिचारीला बोलता येत नाही, म्हणून लाथ घालावी लागली."

इनामदार हौदाकडे गेले आणि कोपरापर्यंत हात घासू लागले.