उतारावरचा हवालदार

फार वर्षांपूर्वी कानेरी नदीवर पूल नव्हता आणि आमच्या मोरघोड्यात शहाणपण नव्हतं. पूल नंतर झाला.

नदी ओलांडायची तर एकच उतार होता. त्यावर चौकी होती आणि चौकीवर रवळोजी हवालदार. तेव्हा हवालदार म्हणजे मोठा अंमलदार. लढाईत तो सर्वांच्या पुढे असायचा आणि जेवायला सर्वांच्या मागे, असं म्हणतात. हल्ली हा क्रम उलटा असतो.

एका सकाळी पलीकडच्या काठावर पेंढारी दिसले. रवळोजीनं गावाला सांगितलं, "गुरं, पोरं घेऊन डोंगरावर जा. सगळे पोचले की शिंग फुंका. मग आम्ही मागं येतो."

आणि तो आपली माणसं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

दुपारच्या आत गाव डोंगरावर पोचलं. शिंग बाहेर निघालं. फुंकायला मात्र दोघे पुढे आले, कारण पाटलांची घरं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती.

"मान आमचा," थोरले म्हणाले.

"शिंग गेल्या पिढीपासून आमच्या घरात आहे," धाकटे म्हणाले.

खाली माणसं पडत होती. रवळोजीची बायको तुळसा ओरडली, "भावजी, कुणीबी फुंका! तुमच्या पाया पडते!"

"वहिनी, आज मान सोडला तर उद्या पोळ्याला आमचा बैल मागं राहील," थोरले समजावत म्हणाले.

नदीत शिपाई विचारत होते, "हवालदार, मागं फिरायचं का?"

"शिंग झालं नाही. पोरंबाळं अजून वाटेत असतील. गडी हो, जरा धरा."

त्यांनी धरलं. पाणी लाल झालं, पेंढाऱ्यांचे घोडे त्यात पाय टाकेनात, आणि मावळतीला रवळोजी एकटाच उभा दिसला, छातीत दोन भाले घेऊन, असं म्हणतात. पेंढारी घाबरून परतले.

वर ओढाताणीत शिंग सांध्यातून निखळलं होतं. त्याचा एक तुकडा थोरल्यांच्या देवघरात आहे, दुसरा धाकट्यांच्या. आपलाच तुकडा मोठा, असं दोन्ही घरं आजही मानतात.

गाव खाली आलं तेव्हा शिपायांची प्रेतं मिळाली. रवळोजी मिळाला नाही. तुळसा काठावर बसून हाका मारत राहिली. तिचा आवाज गेला, मग तीही गेली.

शिंग ऐकू आलं नाही, म्हणून तो अजून पाण्यात उभा आहे, असं म्हणतात. त्यामुळे मोरघोड्याचा माणूस नदी ओलांडताना आजही मोठ्यानं म्हणतो, "हवालदार, सगळे पोचले. या आता मागं." पुलावर एसटी हळू होते. पाटलांच्या दोन्ही घरची माणसंही खिडकीतून हेच म्हणतात, अगदी एका सुरात.

मग सगळे थोडा वेळ पाण्याकडे बघतात. पाणी वाहत असतं. कंडक्टर घंटी देतो.