नव्या लाटेचं नाव

“मग आम्ही स्वतःला ‘नवी लाट’ म्हणवायचं की नाही, ते एकदा सांगाच तात्या!”

प्रभंजन केळुसकर तणतणतच देवळाच्या पडवीत शिरला होता. नाटकाचा प्रयोग आठ दिवसांवर आलेला. त्याच्या सात जणांच्या नाटकमंडळीत उभी फूट. चौघांना ‘नवी लाट’ हवं, तिघांना ‘नवप्रवाह’. चार महिने नुसतं बारसंच चाललं होतं. बाळाचा मात्र पत्ता नव्हता... दुसरा अंक कुणी लिहिलाच नव्हता.

साठ वर्षं दशावतारात उभे राहिलेले धाकूतात्या मुकुटाला बेगड चिकटवत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“तुमच्या आधी कोण होते रे?”

“जुनी मंडळी. साचेबंद, शिळी!”

“आणि ती स्वतःक काय म्हणत?”

प्रभंजनने चष्मा वर सरकवला.

“...नवी लाट.”

तात्यांनी बेगडावर अंगठा दाबून धरला.

“जा,” ते म्हणाले. “दर्यार जा. नवी लाट खंयची, ती बघून ये.”

प्रभंजनला खूण पटली. थोर माणसं अशीच कोड्यात बोलतात! पँट दुमडून तो किनाऱ्यावर उभा राहिला. एक लाट आली. ही नवी, त्याने ठरवलं. तोवर मागून दुसरी आली. मग ही. मग ती... वहीत तो खुणा करू लागला.

शेजारीच रापणीचं मोठं जाळं किनाऱ्याकडे ओढणं चाललं होतं. वीसेक माणसं जाड दोराला लोंबकळलेली, जाळं काही पुढे सरकेना.

“ए चष्म्या!” कुणीतरी ओरडलं. “बघतंस काय? हात लाव!”

आपल्याला असं कुणी हाक मारतं, हेच त्याला आधी उमगेना. उमगलं तेव्हा राग आला. पण दोर मागे घसरायला लागला, आणि वही वाळूत टाकून त्याने तो धरला.

दोन तासांनी तो परतला. नखशिखांत भिजलेला, तळहात सोललेले, हातात सुंभात ओवलेले चार बांगडे. आणि चेहऱ्यावर न मावणारं हसू.

“इलंस?” तात्या म्हणाले. “नवी लाट खंयची होती?”

“बघायचं राहूनच गेलं, तात्या. रापण ओढत होतो ना...”

“हं.”

तात्यांनी मुकुट बाजूला ठेवला.

“तेंनी तुका काय म्हणान हाक मारल्यानी?”

प्रभंजनचे कान लाल झाले.

“...चष्म्या.”

“मगे? खरा नाव सांगलंस?”

“वेळ कुठे होता, तात्या! जाळं हातचं जात होतं!”

तात्यांनी किटली पुढे ओढली.

“बस, चष्म्या. चाय घे.”