चिंधी वाळेना

ऐका हं. बोटं तोंडातून बाहेर, कान माझ्याकडे.

डोंगराखाली एक घर होतं. माणसांचं नाही. पडलेल्या, जखमी झालेल्या, हरवलेल्या प्राण्यांचं घर. बरं वाटलं की प्राणी पुन्हा रानात.

तिथे एका टोपलीत होतं खारीचं पिल्लू. एवढुस्सं. पाठीवर पट्टे, शेपटी लुबलुब. टोपलीत होती एक चिंधी. चिंधीला घरट्याचा वास. वास घेतला की पिल्लू झोपलंच म्हणून समजा.

त्या घरात पिल्लांच्या चिंध्या कुणी धूत नाही. सगळ्यांना ठाऊक. एकट्या जुईली ताईला ठाऊक नाही. ताई कालच आली, लातूरहून. प्राण्यांची काळजी कशी घ्यायची, ते शिकायला. तिचा उत्साह काय सांगू. तिने भांडी घासली. जाळ्या पुसल्या. मग चिंधीसुद्धा धुतली. साबण लावून, खसाखसा. टोपलीचं झाकण मात्र लावायला विसरली.

दुपार झाली. पिल्लाला आली झोप. हुंग हुंग. चिंधी कुठे? हुंग हुंग. चिंधी नाही.

पिल्लाने वर पाहिलं. चिंधी दोरीवर. टप टप टप, पाणी गळतंय.

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु, थांब. गेलं दोरीकडे.

"दोरीबाई दोरीबाई, चिंधी सोड ना.
झोप मला येईना."

दोरी म्हणाली, "चिंधी ओली. वाळू दे, मग सोडते. उन्हाला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु, थांब. पिल्लू चढलं पत्र्यावर.

"ऊनराव ऊनराव, पडा ना.
चिंधी वाळेना, दोरी सोडेना,
झोप मला येईना."

ऊन म्हणालं, "मध्ये ढग बसलाय. ढग हलू दे, मग पडतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, थांब. पिल्लू चढलं माडावर. पार शेंड्याला.

"ढगोबा ढगोबा, हला ना.
ऊन पडेना,
चिंधी वाळेना, दोरी सोडेना,
झोप मला येईना."

ढग म्हणाला, "माझं पोट जड. मी नाही हलत. वारा उठू दे, मग हलतो."

वारा कुठे होता? बांबूच्या बेटात पेंगत होता. घुर्र घुर्र.

तुरुतुरु, तुरुतुरु, थांब.

"वारेदादा वारेदादा, उठा ना.
ढग हलेना, ऊन पडेना,
चिंधी वाळेना, दोरी सोडेना,
झोप मला येईना."

वाऱ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "उगाच कोण उठतो? घार उडू दे, मग उठतो."

घार? बापरे.

घार होती मोठ्या जाळीत. तिचा पंख मांजाने कापला होता. पंखाला पांढरी पट्टी. चोच बाकदार, नखं टोकदार. पिल्लू गेलं. पण जाळीच्या बाहेर बसलं. चांगलं लांब.

घार म्हणाली, "जवळ ये की."

पिल्लू म्हणालं, "इथूनच बरं.

घारबाई घारबाई, उडा ना.
वारा उठेना,
ढग हलेना, ऊन पडेना,
चिंधी वाळेना, दोरी सोडेना,
झोप मला येईना."

घार म्हणाली, "पंखाला पट्टी, उडू कशी? ताईला पट्टी कापू दे, मग उडते."

तुरुतुरु, तुरुतुरु, थांब. ताई तिथेच होती. जाळीच्या दाराशी. हातात कात्री.

सकाळीच तिथल्या डॉक्टरकाकू म्हणाल्या होत्या, "आज घारीची पट्टी तू काप गो, जुईली." तेव्हा ताईने आनंदाने उडी मारली होती. आता मात्र पाय जागचे हलत नव्हते.

"ताई ताई, पट्टी काप ना.
घार उडेना, वारा उठेना,
ढग हलेना, ऊन पडेना,
चिंधी वाळेना, दोरी सोडेना,
झोप मला येईना."

ताई म्हणाली, "मी पडले नवी. मला लई भीती वाटतेय. कुणी 'जमेल' म्हणू दे, मग कापते."

आता 'जमेल' कोण म्हणणार? काकू? काकूंनी दोन्ही हातांनी घार धरलेली. तोंडात नव्या पट्टीचं टोक, लागलीच तर असावी म्हणून. त्या म्हणाल्या, "म्म्म."

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु, थांब. कुणाकडे जायचं? इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

अरेच्चा. "मी आहे की," पिल्लाला सुचलं.

पिल्लू मागे फिरलं. दोन पायांवर उभं राहिलं. शेपटी वर केली. म्हणालं, "जमेल."

ताई हसली. जाळीत शिरली. तिने घारीच्या डोक्यावर टॉवेल टाकला. डोळ्यांपुढे अंधार झाला की घार शांत. मग कच्. कच्. कच्. पट्टी सुटली. टॉवेल काढला. सगळे मागे सरले.

घारीने एक पंख उघडला. दुसरा उघडला. केवढे ते पंख.

झप्. झप् झप् झप्. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा इकडे.

मग काय विचारता.

घार उडाली, वारा उठला. सूंऽऽ.
वारा उठला, ढग हलला. ढुम् ढुम्.
ढग हलला, ऊन पडलं. लखलख.
ऊन पडलं, चिंधी वाळली. फडफड.
चिंधी वाळली, दोरीने सोडली. भिरभिर, भिरभिर, थप्.

चिंधी पडली पिल्लाच्या डोक्यावर.

पिल्लाने हुंगलं. थांबलं. पुन्हा हुंगलं. साबण. नुसता साबण. घरट्याचा वास गेला. पिल्लाचं तोंड एवढंसं झालं.

ताईचंही झालं. ती म्हणाली, "मीच धुतला रे तुझ्या घरट्याचा वास. मला ठाऊक नव्हतं."

काकूंनी तोंडातली पट्टी काढली. म्हणाल्या, "लोळू दे त्याला. बघ तू."

पिल्लू लोळलं. या अंगावर, त्या अंगावर. नाक घासलं. पोट घासलं. शेपटी घासली. चिंधी मऊ, चिंधी ऊबदार. लोळ लोळ, लोळ लोळ, थांब.

हुंग हुंग. हा घरट्याचा वास नाही. हुंग हुंग. हा साबणाचाही नाही. मग कुणाचा?

"माझा," पिल्लू म्हणालं. आणि झोपलं.

ताईने झाकण लावलं. या वेळी नीट. मग ती आपल्या खोलीत गेली. कालची रात्र तिने जागूनच काढली होती. उशी नवी, चादर नवी, कशालाच घरचा वास नाही. ताई आडवी झाली. या अंगावर लोळली. त्या अंगावर लोळली. आणि तिलाही झोप लागली.

गोष्ट निजली चिंधीत. आता तुमचं पांघरूण घ्या नाकाशी आणि सांगा, कुणाचा वास येतो?